गुरुजी दीर्घ रजेवर असताना

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रात व कर्नाटकात सर्वश्रुत आहे. त्यांचे चरित्र सांगणाऱ्या सरस्वती गंगाधर यांच्या 'गुरुचरित्र' ग्रंथाचे पारायण भाविक आजही सप्ताह पद्धतीने करतात. या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात एक कथा आहे. शाळेच्या व्यवस्थेचा विचार करणाऱ्यांनी ती थोड्या वेगळ्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. गोदावरीच्या तीरावर आश्रम करून राहणाऱ्या वेदधर्म नामक ऋषींनी एके दिवशी आपल्या सर्व शिष्यांना जवळ बोलावले. पूर्वसंचिताचा उरलेला भाग रोगाच्या रूपाने भोगून संपवावयाचा आहे, त्यासाठी आपण काशीस जाणार आहोत, तेथे एकवीस वर्षे कुष्ठ होईल, अंधत्व व पंगुत्व येईल, या काळात सेवा करण्यास कोण तयार आहे, असे त्यांनी विचारले. शिष्यवर्ग मौन राहिला. दीपक नावाचा एकच शिष्य पुढे आला. काही पाठांत त्याचे नाव संदीपक असे येते.

पुढील कथाभाग रुग्णाची शुश्रूषा केलेल्या प्रत्येकास ओळखीचा वाटेल. आजाराने गुरूंचा स्वभाव चिडका झाला. भिक्षा थोडी आणली तर ती थोडी म्हणून आणि अधिक आणली तर ती बेचव म्हणून शिष्याला बोलणी खावी लागत. देवांनी प्रसन्न होऊन वर देऊ केला, तेव्हा गुरूंचे रोगहरण मागण्यापूर्वी दीपकाने गुरूंचीच अनुमती विचारली, आणि गुरूंनी ती नाकारली. कथेचा आध्यात्मिक अर्थ भाविकांना ठाऊक आहेच. शिक्षणाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, येथे गुरूने आपला आजार, त्याचे स्वरूप व त्याचा कालावधी शिष्यांपासून लपविला नाही, आणि शिष्यानेही रुग्णाच्या वतीने परस्पर निर्णय घेतला नाही. मात्र कथेतील एक गोष्ट आजच्या शाळेला अनुकरणीय नाही. सर्व भार एका शिष्यावर पडला, आणि इतर शिष्यांचे पुढे काय झाले याची कथेला आवश्यकता नव्हती. शाळेला ती आहे. दीपक हा स्वेच्छेने पुढे आलेला आश्रमवासी शिष्य होता. जिल्हा परिषदेच्या शाळेतील दहा वर्षांचे मूल हे प्रथम शिक्षणाचे हक्कदार आहे, सेवेकरी नंतर.

नायगावचे पत्र

शिक्षकाच्या दीर्घ आजारपणाचे महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील सर्वांत उद्बोधक उदाहरण १८५६ सालातील आहे. १८४८ पासून पुण्यात मुलींच्या शिक्षणाचे कार्य करणाऱ्या सावित्रीबाई फुले त्या वर्षी गंभीर आजारी पडल्या व विश्रांतीसाठी सातारा जिल्ह्यातील नायगाव या आपल्या माहेरी गेल्या. तेथून त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेले पत्र महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रकाशित केलेल्या, डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात उपलब्ध आहे. भावाने रात्रंदिवस शुश्रूषा केली व आता प्रकृती सुधारली, हे कळवीत असतानाच त्यांचे लक्ष पुण्याच्या शाळेकडे लागलेले या पत्रात दिसते. आपल्या अनुपस्थितीत सहकारी शिक्षिका फातिमा हिच्यावर भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्या व्यक्त करतात. त्याच पत्रात, अस्पृश्य मानलेल्यांना शिकविण्याबद्दल भावाने घेतलेल्या आक्षेपाला आपण काय उत्तर दिले हेही त्यांनी सविस्तर लिहिले आहे. अंथरुणावरून नुकत्याच उठलेल्या शिक्षिकेने आजारपणातही आपले अध्यापन, त्याचे प्रयोजन आणि ते चालू ठेवणारी सहकारी यांचा विचार सोडला नव्हता.

या पत्रावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. आजारी शिक्षकाला खरी विश्रांती मिळते ती आपल्यामागे वर्ग चालू आहे या खात्रीने. फुलांचा गुच्छ व शुभेच्छापत्र ही त्यानंतरची गोष्ट होय. वर्गात कोणी जात नाही, मुले गावभर फिरत आहेत, असे रुग्णालयात कानी आले, तर मुदतीपूर्वीच हजर होण्याचा विचार शिक्षक करू लागतो. अशी अर्धवट बरी झालेली हजेरी पुढे दुसऱ्या, अधिक लांब रजेला कारण होते. तेव्हा वर्गाने शिक्षकाला आधार द्यावयाचा म्हणजे प्रथम वर्गाने वर्ग म्हणून टिकावयाचे.

रजेचा हिशेब आणि वर्गाचा हिशेब

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ अन्वये सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी वीस दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे तिचे परिवर्तित रजेत रूपांतर करून पूर्ण वेतन मिळू शकते. मात्र त्यासाठी रजा दुपटीने खर्ची पडते. पंधरा वर्षे सेवा झालेल्या व ही रजा कधीही न उपभोगलेल्या शिक्षकाच्या खाती ३०० दिवस असतील, तर त्यातून पूर्ण वेतनाचे १५० दिवस, म्हणजे सुमारे पाच महिने निघतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या रजेचा हिशेब याच धर्तीवर होतो आणि खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतही अर्धवेतनी रजेची तरतूद आहे. क्षय, कर्करोग, कुष्ठ व पक्षाघात यांसाठी नियमांनी वेगळा विचार केलेला आहे. एकूण पाहता, आजारी शिक्षकाच्या बाबतीत नियम उदार आहेत व ते तसेच असावयास हवेत.

दुसऱ्या बाजूला, बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० व सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस अपेक्षित आहेत. पाच महिन्यांची रजा सत्राच्या मध्यावर आली, तर शाळेचे शंभराच्या आसपास दिवस जातात, म्हणजे त्या वर्गाचे जवळजवळ निम्मे वर्ष. त्याच अनुसूचीप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. त्यांपैकी एक रजेवर गेला की उरलेल्या एकाकडे पाच इयत्ता, शालेय पोषण आहाराची नोंद आणि कार्यालयीन माहितीचे तक्ते एकाच वेळी येतात. शिक्षकाच्या रजेची नोंद सेवापुस्तकात होते. वर्गाचे जे दिवस जातात त्यांची नोंद कोठेही होत नाही.

म्हणून पर्यायी शिक्षकाची व्यवस्था हे केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी व संस्थाचालक यांचे काम आहे. मुलांच्या सद्‌भावनेवर ते सोपवून चालणार नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. शस्त्रक्रियेची तारीख बहुधा आधी ठरते, आणि क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचाराला सहा महिने लागतात हे निदानाच्या दिवशीच ठाऊक असते. असे असता रजेचा अर्ज आल्यानंतर तीन आठवड्यांनी शेजारच्या शाळेतील शिक्षक 'कामगिरीवर' पाठविण्याचा आदेश निघावा याला विलंबाखेरीज दुसरे नाव नाही. अधिनियमानुसार स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच लेखी मांडावयास हवा, आणि तो आजारी शिक्षकाविरुद्धची तक्रार म्हणून नव्हे, तर वर्गाची मागणी म्हणून.

पहिले पंधरा दिवस

कारंजा परिसर कापूस व सोयाबीनचा आहे. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की मजूर कुटुंबांतील मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहतात किंवा आईबरोबर शेतावर जातात. एरव्ही गुरुजी किंवा बाई सायंकाळी घरी डोकावून 'उद्या पाठवा' म्हणून सांगत असतात. ही ओढ नेमकी याच वेळी नाहीशी होते. शिक्षक दीर्घ रजेवर गेलेल्या वर्गात प्रथम घटते ती उपस्थिती. गुणांची घसरण परीक्षेत दिसते, पण ती नंतर. आणि जी मुले पहिल्या पंधरा दिवसांत येईनाशी होतात, ती बहुधा अशीच असतात की ज्यांना शाळेत आणणारा तो एकच माणूस होता.

या ठिकाणी वर्गाचा उपयोग फार मोठा आहे. एकाच वस्तीतील चार-पाच मुलांनी सकाळी परस्परांना हाक मारून एकत्र निघावे, न आलेल्याच्या घरी परतताना निरोप व त्या दिवसाचा गृहपाठ पोहोचवावा, एवढी साधी रचना पुरेशी असते. ती पर्यायी शिक्षकाने किंवा मुख्याध्यापकाने लावून द्यावी लागते. आपोआप लागत नाही. गैरहजर मुलाची चौकशी करणारे मूल हे हेर नव्हे, सोबती आहे, ही जाण वर्गात असावी. एरव्ही वर्गनायकाच्या हाती छडी आल्यासारखे होते.

वरच्या इयत्तेतील मुलांनी खालच्या इयत्तेतील मुलांना शिकविणे ही पद्धत आपल्या देशात जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमातील शाळा चालविणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी येथील गावठी शाळांतील मुले वाळूवर अक्षरे काढून एकमेकांना शिकवीत असल्याचे पाहिले, ते आपल्या शाळेत योजले आणि १७९७ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे इंग्लंडमधील असंख्य शाळा या पद्धतीवर चालल्या. परंतु तेथेच तिची मर्यादाही उघड झाली. पाढे, शुद्धलेखन, वाचनाचा सराव, कवितेचे पाठांतर हे एक मूल दुसऱ्याकडून उत्तम शिकते. अपूर्णांकाचा भागाकार का उलटतो, हे सांगण्यास शिक्षकच लागतो. आजारी शिक्षकाच्या वर्गात मुलांना सरावाची जबाबदारी द्यावी, नव्या पाठाची देऊ नये. सातवीतील हुशार मुलीला महिनाभर तिसरीच्या वर्गावर बसवून ठेवणे हा तिच्यावरील अन्याय आहे, तिच्या हौसेचे कितीही कौतुक झाले तरी.

वर्गाचे दैनिक

शिक्षक उपचारासाठी दूर असताना मुलांनी त्यांच्याशी संपर्क कसा ठेवावा? कारंज्याच्या रुग्णाला मोठ्या उपचारासाठी बहुधा अकोला, अमरावती, यवतमाळ किंवा नागपूर गाठावे लागते. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ चे, अकोल्याचे २००२ चे. त्यापूर्वी तर नागपूरखेरीज फारसा पर्यायच नव्हता. कर्करोगाचे काही रुग्ण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत जातात. अशा अंतरावर वर्ग भेटीस जाणे शक्य नाही आणि इष्टही नाही. रसायनोपचार चालू असलेल्या रुग्णाची रोगप्रतिकारशक्ती इतकी घटलेली असते की मुलाची साधी सर्दी, गोवर किंवा कांजिण्या त्याला धोक्याच्या ठरू शकतात. रुग्णालयाच्या दाराशी चाळीस मुलांची रांग उभी करणे हे प्रेम असले तरी उपद्रवकारक प्रेम आहे.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयात त्यांनी 'छात्रालय दैनिक' हे हस्तलिखित सुरू केले होते, आणि आजारी पडलेल्या विद्यार्थ्यांची शुश्रूषा ते स्वतः करीत. हस्तलिखिताची ही कल्पना उलट दिशेने वापरता येण्यासारखी आहे. वर्गाने एका शंभर पानी वहीत दररोज एक पान लिहावे. आज कोणता पाठ झाला, कोण आले नाही, फळ्यावरचे कोणते गणित कोणाला सुटले नाही, शाळेमागील लिंबावर घरटे झाले की नाही, हे सारे त्यात यावे. पटावरील क्रमाने प्रत्येकाची पाळी यावी, म्हणजे लिहिण्यास कच्ची असलेली मुलेही सुटणार नाहीत. आठवड्याची पाने घरच्या माणसाबरोबर किंवा टपालाने पाठवावीत. मोबाईलवर छायाचित्र काढून पाठविणे सोपे आहे. मार्च २०२० पासून शाळा बंद असताना दूर बसलेल्या शिक्षकाशी भ्रमणध्वनीवरून अभ्यास चालविण्याचा अनुभव शिक्षकांना व पालकांना आला आहेच.

अशा दैनिकाचा लाभ दुहेरी होतो. मुलांना ज्याला वाचावयाचे आहे असा खरा वाचक मिळतो. निबंधाच्या वहीला तो क्वचितच लाभतो. आणि शिक्षकाला आपल्या वर्गाची नाडी कळत राहते. उत्तर पाठविण्याची सक्ती मात्र त्यांच्यावर नसावी. तपासून द्यावयाच्या वह्या रुग्णशय्येवर पोहोचविण्याचा मोह काही शाळांना होतो, तो टाळावा. वेदनाशामकाच्या गुंगीत असलेला माणूस एखाद्या पानावर दोन ओळी लिहील, एखाद्यावर काहीच लिहिणार नाही. कधी चिडूनही लिहील. दीपकाची कथा येथे मुलांना सांगण्यासारखी आहे. आजारी माणसाचा राग हा आजाराचा भाग असतो, हे दहाव्या वर्षी कळले तर पुढे घरीही उपयोगी पडते.

पैशाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. उपचार खर्चिक असतात आणि वर्गणीची कल्पना सद्‌भावनेने पुढे येते. परंतु वर्गात डबा फिरविला की ज्याच्या खिशात काहीच नाही त्या मुलाची मान खाली जाते, आणि ज्या शिक्षकाने त्या मुलाला वही घेऊन दिली असेल त्यालाही हे आवडणार नाही. मदत उभारावयाची असेल तर ती प्रौढांनी, सहकाऱ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी, शाळेबाहेर व घरच्यांना विचारून उभारावी. रक्ताची गरज पडल्यास अठरा वर्षांवरील माजी विद्यार्थी पुढे येऊ शकतात. शाळेतील मुले नाहीत.

मुलांना काय सांगावे

सर्वांत अवघड भाग हाच आहे आणि बहुतेक शाळा तो टाळतात. 'बाई गावाला गेल्या आहेत' असे सांगितले जाते, आणि मुलांना मधल्या सुटीत चहाच्या टपरीवरून खरे-खोटे सर्व कळते. वेदधर्मांनी केले ते येथे योग्य होते. त्यांनी शिष्यांना स्वतः सांगितले. शिक्षकांची इच्छा व प्रकृती असेल, तर रजेपूर्वी त्यांनी वर्गाला साध्या शब्दांत सांगावे की आपण आजारी आहोत, उपचाराला इतके दिवस लागतील, तोवर अमुक शिक्षक येतील. रोगाचे नाव सांगावे की नाही हा निर्णय संपूर्णतः त्यांचा. वैद्यकीय प्रमाणपत्र कार्यालयात येते म्हणून त्यातील मजकूर शिक्षक-खोलीत चर्चेला येण्याचे कारण नाही.

विशेषतः क्षय व कुष्ठ यांबाबत गावात अजून भीती आहे. सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्री या संस्कृत पंडितांना कुष्ठरोग झालेला असताना महात्मा गांधी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. त्या वेळी या रोगावर आजच्यासारखे खात्रीचे औषध नव्हते. आज बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, आणि योग्य औषधे नियमित घेतली तर क्षयाची संसर्गक्षमता लवकर ओसरते. तरीही बऱ्या झालेल्या शिक्षकाच्या वर्गातून मुले काढून घेण्याचा विचार एखाद्या पालकाने बोलून दाखविला, तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर बसविणे हे सरपंचाचे काम आहे.

कधी कधी शिक्षक परत येत नाहीत. त्या शक्यतेची चर्चा मुलांसमोर आधीच करण्याचे कारण नाही. पण 'बाई नक्की बऱ्या होतील' असे वचनही कोणी देऊ नये. 'डॉक्टर प्रयत्न करीत आहेत' हे वाक्य खरे आहे व पुरेसे आहे. दुर्दैवाने वाईट बातमी आली, तर ती वर्गात, ओळखीच्या शिक्षकाने, बसून सांगावी. शाळा लवकर सोडून मुलांना कारण न समजता घरी पाठविणे अयोग्य. वर्गाचे दैनिक त्या दिवशीही लिहू द्यावे आणि मग ती वही घरच्यांच्या स्वाधीन करावी.

पुन्हा हजर होताना

रजा संपली की तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र दाखल होते आणि कागदोपत्री सारे पूर्ववत होते. प्रत्यक्षात सहा महिन्यांनी परतलेल्या शिक्षकाला सलग उभे राहून शिकविणे कठीण जाते, आवाज लवकर बसतो, आणि वर्गाचीही दरम्यान दुसऱ्याच्या पद्धतीची सवय झालेली असते. पर्यायी शिक्षकाने केलेल्या कामाची टिपणे व दैनिकाची वही हाती असेल, तर 'कुठवर आले?' या प्रश्नात आठवडा जात नाही. पर्यायी शिक्षकाला शक्य असल्यास आठ दिवस अधिक ठेवावे व दोघांनी तास वाटून घ्यावेत. मुलांनाही दोघांपैकी कोणा एकाची बाजू घेण्याचा प्रसंग येऊ नये. तात्पुरत्या बाईंवर जीव जडलेली मुले असतातच आणि त्यात मूळ बाईंचा अवमान नाही.

स्वागत समारंभ, हार व भाषणे लांबणीवर टाकलेली बरी, कारण त्या दिवशी माणूस थकलेला असतो. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर तो तळमजल्यावर आणावा, फळ्याजवळ एक खुर्ची ठेवावी, पिण्याच्या पाण्याचा तांब्या जवळ असावा. औषधाची वेळ शाळेच्या वेळेत येत असेल तर शेजारच्या वर्गाच्या शिक्षकाने तेवढा वेळ दोन्ही वर्गांवर लक्ष द्यावे. फळ्यावर लिहिण्याचे काम मुलांनी पाळीपाळीने घ्यावे. पटावरचा जो क्रम दैनिकासाठी लावला होता, तोच येथेही चालेल.